जाळ्यावाचून जीवगणना



अमरावती व अकोला जिल्ह्यांपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि समुद्रातील एका विशाल जीवकुलाचा आप्त येथील तळ्यांतही नांदतो. त्याचे नाव सायक्लॉप्स. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा जीव एके काळी घातक ठरला होता. नारूचे जंतू त्याच्याच पोटातून, पिण्याच्या पाण्यावाटे, मनुष्याच्या शरीरात शिरत. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पाणी फडक्याने गाळून पिण्याची शिकवण आणि पायविहिरींची सुधारणा यांमुळे रोग हटला. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला व २००० साली देश नारूमुक्त म्हणून घोषित झाला. न दिसणाऱ्या जीवाची ओळख पटली, म्हणूनच हे घडले.

पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या अशा जीवांना प्लवक म्हणतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातील वनस्पतिप्लवक उचलतात. त्यांवर प्राणिप्लवक जगतात व त्यांवर मासे. मृत प्लवकांचे कण तळाशी जाताना हवेतून आलेला कार्बनही खोल नेतात. म्हणून त्यांची मोजदाद महत्त्वाची.

ही मोजदाद पूर्वापार बारीक जाळ्याने होत आली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जमविलेले नमुने निवडण्यासाठी १९६२ साली कोचीन येथे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. तेथे एकेक जीव सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा केला जाई. परंतु जाळ्यात नाजूक, लिबलिबीत जीव फाटून जातात, आणि कोण कोणाच्या किती जवळ होता हे तर मुळीच कळत नाही. साध्या छायाचित्रातही पाण्याचा एक पातळ थरच स्पष्ट उमटतो.

या अडचणीवर होलोग्राफीने मार्ग काढला. तिचे तत्त्व डेनिस गाबोर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केले. १९६० साली लेसर अवतरल्यावर ते खऱ्या अर्थाने उपयोगात आले आणि १९७१ साली गाबोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात सोडलेल्या यंत्राच्या दोन काचांमधून लेसरचा प्रकाश जातो. काही लहरी सरळ जातात, काही जीवाच्या कडांवरून पसरतात; त्यांच्या मिलनाने उमटलेली वलये कॅमेरा टिपतो. त्या वलयांवरून संगणक प्रत्येक खोलीवरील आकृती पुन्हा घडवितो. एकाच क्षणचित्रात काचांमधील सर्व पाणी सामावते आणि जीवाला स्पर्शही होत नाही.

मात्र गढूळ पाण्यात वलये एकमेकांत मिसळतात. आणि आकृती मिळाली तरी तिला अचूक नाव देण्यास जाणकाराची नजर लागतेच. यंत्र दाखविते, ओळखणे मनुष्याला शिकावे लागते.

हे तत्त्व वर्गात समजाविण्यास लेसर नको. परातीत पाणी घेऊन दोन ठिकाणी एकदम थेंब टाकावेत. तरंग परस्परांना छेदताना बालकांना दिसतील. नंतर तळ्याचे पाणी स्वच्छ काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरावे. टुणटुण उड्या घेणारे पांढुरके ठिपके दिसल्यास बालकांनी ते मोजावेत व त्यांचे चित्र काढावे. शेवटी तेच पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पुन्हा पाहावे. आजीने पाणी का गाळावयास सांगितले, याचे उत्तर तेव्हा बालकांना स्वतःच्या डोळ्यांनी मिळेल.