बातमीतले 'तो' आणि 'ते'



वर्तमानपत्री लेखनाचे नियम म्हटले की लोकांना आधी ऱ्हस्व-दीर्घ आठवते. तो प्रश्न साहित्य महामंडळाने बराचसा मिटवला. १९६२ साली शासनाने महामंडळाचे चौदा नियम स्वीकारले, १९७२ साली आणखी चार आले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि मुद्रितशोधकाचे डोळे वाचले.

काही नियम कायद्यानेच घालून दिले आहेत. बलात्कारपीडितेची ओळख छापणे हा गुन्हा आहे. पूर्वी दंडविधानाचे कलम २२८-अ होते, आता न्याय संहितेचे ७२. पण नुसते नाव गाळून भागत नाही. लहान गावात वडिलांचा धंदा आणि मुलीची इयत्ता छापली की सगळ्या गावाला घर कळते. इथे नियम पाळायचा म्हणजे तपशील गाळायचा, आणि बातमीदाराला सर्वांत जड जाते ते हेच.

आज मला बोलायचे आहे ते मात्र कोणत्याही कायद्यात नसलेल्या गोष्टीबद्दल. मराठी क्रियापद माणसाची पायरी ठरवते. इंग्रजी शैलीपुस्तिका नावाआधी 'श्री.' लावायचे की नुसते आडनाव लिहायचे, यावर वाद घालतात. त्यांच्या क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नसते. आपल्याकडे पतपेढी बुडवल्याचा आरोप असलेले संचालक 'फरार झाले' असे छापून येते आणि सायकल चोरल्याचा संशय असलेला मजूर 'पळाला'. दोघांवरही आरोपच आहेत, निकाल कुणाचाच लागलेला नाही. मृत्यूतही तेच: एकाच अपघातात साहेबांचे 'निधन' होते, चालक 'ठार' होतो. खेळाच्या पानावरचा एकवचनी 'तो' मला खटकत नाही, त्यात माया आहे. खेळाडू निवृत्त होऊन समालोचन करू लागला की त्याचे आपोआप 'ते' होते, ही आपली गंमतच!

एका गोष्टीत व्याकरण आपल्या बाजूने आहे. 'लाच घेतली' हे क्रियापद लाचेप्रमाणे चालते, घेणाऱ्याची प्रतिष्ठा पाहत नाही. पण प्रत्येक वाक्य कर्मणीत बसत नाही. 'गेला', 'म्हणाला', 'पळाला' इथे निवड करावीच लागते.

मला विचाराल तर गुन्ह्याच्या बातमीत प्रत्येक प्रौढ व्यक्तीला बहुवचन द्यावे. खुन्यालाही का, असे कुणी विचारेल. हो, त्यालाही. शिक्षा न्यायालय देते. उपसंपादकाने तीत भर घालायची नसते. यात अडचण एकच आहे. 'आरोपींना अटक' असे लिहिले की वाचकाला वाटते, चार-पाच जण सापडले. त्यावर उपाय साधा आहे: मथळ्यात 'एकास अटक' लिहावे आणि खाली मजकुरात 'ते'ऐवजी आडनाव पुन्हा द्यावे, 'पाटील यांना'. ओळ वाढते हे खरे. जागा हवी असेल तर 'धक्कादायक' आणि 'खळबळजनक' काढून टाका, भरपूर मिळेल.