पुडीवर नंबर आहे का?

मैत्रिणींनो, जेवणं उरकली असतील. नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. आज बोलायचंय झाडपाल्याच्या औषधांबद्दल. "त्यात काय सांगायचं, ते तर आजीच्या बटव्यातलं," असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणत होतो. म्हणून आधी आमच्या गटाची चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बचतीच्या बैठकीला एक माणूस आला. गुडघेदुखीची पावडर घेऊन. शंभर टक्के आयुर्वेदिक, काही अपाय नाही, म्हणाला. आता खुरपणी करून करून गुडघे दुखत नाहीत अशी बाई आमच्या गटात शोधावीच लागेल. आम्ही त्याला सतरंजी टाकून दिली, चहा पाजला. अकरा जणींनी पुड्या घेतल्या, अडीचशे रुपयांना एक. दोघींनी तर त्यासाठी गटातून उचल घेतली, आणि ती आम्हीच वहीत लिहिली.

गुण आला हो. दोन दिवसांत आला. कित्येक महिने भिंतीला धरून उठणाऱ्या एक मावशी पाणी आणायला चालत गेल्या. मग कोण थांबतंय? तो माणूस आठवडी बाजारात बसायचा, मावशी दर महिन्याला पुडी आणायच्या. असे पाच महिने गेले. हळूहळू त्यांचं तोंड सुजल्यासारखं गोल दिसायला लागलं, नुसतं कुठं आपटलं तरी अंगावर काळे-निळे डाग उठायचे. साखरेचा आजार आधीपासून होताच, गोळ्या चालू होत्या, तरी साखर चारशेच्या घरात गेली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता का?" मावशी म्हणाल्या, "नाही." आमच्यातली एक सोबत होती, तीही गप्प बसली. डॉक्टर रागावतील, ही भीती. पुन्हा गेलो तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि पुडी टेबलावर ठेवली. प्लास्टिकची पिशवी, आत तपकिरी पावडर, वर हिरव्या पानाचं चित्र आणि एक मोबाइल नंबर. बस.

डॉक्टर म्हणाले, झाडपाल्याचा गुण असा दोन दिवसांत येत नाही, यात स्टेरॉइड मिसळलेलं असावं. पण पुढं जे म्हणाले ते नीट ऐका. म्हणाले, "आजपासून एकदम बंद करू नका." स्टेरॉइड बरेच महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर रक्तदाब पडतो, चक्कर येते, जिवावर बेतू शकतं. त्यांनी मोजून गोळ्या दिल्या आणि आठवड्या-आठवड्यानं कमी करत नेल्या. तेव्हा तुमच्या घरात अशी पुडी कुणी बरेच दिवस घेत असेल, तर ती उकिरड्यावर टाकू नका. पुडी घ्या, माणसाला घ्या, आणि दवाखान्यात जा.

त्यानंतर आम्ही माहिती काढत बसलो. आपल्याला वाटतं आयुर्वेदिक औषधाला कायदा नाही. आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आयुर्वेदिक औषधांनाही लागू आहे. कारखान्यात औषध बनवून विकायचं तर परवाना लागतो. वैद्य आपल्या स्वतःच्या रुग्णापुरतं औषध बनवून देतात, त्यांना मोकळीक आहे. पण बाजारात मांडून बसणाऱ्याला ती नाही. गंमत अशी, की आयुर्वेदिक औषध विकण्यासाठी दुकानदाराला मात्र वेगळा परवाना लागत नाही. म्हणून किराणा दुकानात साबणाच्या शेजारी चूर्णाची डबी दिसते. दुकानात ठेवलंय म्हणजे सरकारनं तपासलंय, असं धरून चालू नका. बघायची ती डबी.

डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता हवा. 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द हवेत, बहुतेक इंग्रजीत असतात. आत काय काय घातलंय ती यादी, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, संपण्याची तारीख आणि बनवण्याच्या परवान्याचा नंबर. हा शेवटचा सगळ्यात बारीक अक्षरात असतो. शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला लावा, 'लायसन्स' शोध म्हणावं. कधी चौदा आकडी अन्न परवान्याचा नंबर असतो. तो असेल तर ती वस्तू खाद्यपदार्थ म्हणून विकायची आहे, औषध म्हणून नाही. मग त्यानं साखर बरी होते असं विकणाऱ्यानं सांगितलं, तर तिथंच उठा.

तसंही 'मधुमेह मुळापासून बरा', 'कॅन्सरवर रामबाण', 'मूल होण्याची हमी' अशी जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. १९५४ पासून तसा कायदा आहे. एसटी स्टँडच्या भिंती बघून ते खरं वाटत नाही, ही गोष्ट वेगळी.

नंबर असला म्हणजे कितीही घ्यावं, असंही नाही. सर्दी-तापाला आपल्याकडं त्रिभुवनकीर्तीच्या गोळ्या घरोघरी असतात. त्यात बचनाग आणि हिंगूळ असतो. बचनाग हे जहरच, हिंगुळात पारा. शुद्ध करून, मोजून घालतात, म्हणून औषध होतं. कायद्यात अशा विषारी द्रव्यांची यादीच आहे, धोतरा, कुचला, गुंज, आपला बिब्बाही त्यात आहे. बिबे फोडून ज्यांचे हात भाजलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशी द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, अशी इंग्रजी आणि हिंदीत सूचना छापावी लागते. ती दिसली की शेजारणीच्या सांगण्यावरून दोनाच्या चार गोळ्या करू नका. लेकराला तर मुळीच नको.

आता बांधावरची गुळवेल. करोनात आपण सगळ्यांनी काढा प्यालो. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते, तिच्या खोडावर दाट फोडांसारख्या गाठी असतात आणि मोडली की दुधासारखा चीक येतो. ती यकृताला बाधू शकते, गुळवेल म्हणून ती घेऊ नका, असं आयुष मंत्रालयानं २०२२ मध्ये सांगितलं होतं. आणि खरी गुळवेलसुद्धा साखर उतरवते. साखरेच्या गोळ्या चालू असताना वर रोज काढा घेतला, तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात. ज्येष्ठमधाचंही तसंच, खोकल्याला चांगलं, पण रोज चघळलं तर रक्तदाब वाढवतं. दिवस गेलेल्या बाईनं काळा बोळ पोटात घ्यायचा नाही, तो जोराचा जुलाब करतो. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला गुटीही नको, मधाचं बोटही नको. मध तर वर्षापर्यंत नाहीच. सासूबाईंना हे पटवणं अवघड आहे, आम्हालाही जमलेलं नाही सगळीकडं. आशाताईंना घरी बोलावलं की थोडं सोपं जातं.

विचारायचं कुणाला? उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी बऱ्याच ठिकाणी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचेच पदवीधर असतात. डबी घेऊन त्यांच्याकडं जा. आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपुढं लपवू नका. ते रागावतील, रागावू द्या. फसवणूक वाटली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते. आम्ही पुडी घेऊन गेलो तेव्हा तो मोबाइल नंबर बंद झाला होता.

गेल्या बैठकीला आम्ही सगळ्यांना घरातल्या बाटल्या, डब्या, पुड्या आणायला लावल्या. तेवीस वस्तू जमल्या. नऊवर परवान्याचा नंबर नव्हता, चारांची तारीख उलटून गेली होती, आणि एक बाटली आमच्याच गटाची निघाली. प्रदर्शनासाठी आम्ही तेल केलं होतं आणि लेबलवर हौसेनं 'संधिवातावर गुणकारी' छापलं होतं. आजार बरा होतो असं लिहिलं की ते औषध झालं. मग परवाना, वेगळी जागा, जाणकार वैद्य, सगळं आलं. उरलेली लेबलं चुलीत गेली. आता आम्ही अन्न नोंदणी करून आवळा कँडी विकतो, आणि ती कशावरही गुणकारी नाही.

मावशींचे गुडघे अजून दुखतात. साखर दीडशेच्या आसपास आलीय. दुकानात गेल्या की त्या नातवाला पुढं करतात, "नंबर वाच रे," म्हणतात. दुकानदार वैतागतो, पण डबी हातात देतो.