बीजिंगमधील आमचा एक दिवस
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या विद्यार्थी सहायक निधीतून आम्हांला 2018 साली बिनव्याजी कर्ज मिळाले आणि त्या बळावर आम्ही चिनी भाषा शिकण्यासाठी एक वर्ष बीजिंगला जाऊन राहिलो. शिक्षणशुल्क आणि वसतिगृह यांची सोय शिष्यवृत्तीतून झाली होती. विमानभाडे आणि थंडीचे कपडे मात्र आपल्या निधीने दिले. तेव्हा त्या पैशाचे आम्ही काय केले हे विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. वर्षभराचा वृत्तांत सांगू गेल्यास सभेचा वेळ जाईल. म्हणून तेथील एका साध्या दिवसाची हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही चीनला जाणार हे कळताच घरात दोन तट पडले. आमच्या थोरल्या आत्यांचे यजमान 1962 च्या युद्धात नेफा आघाडीवर होते. तो भाग म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. ते परत आले नाहीत. लग्नास तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्या आत्यांच्या पाया पडण्यास आम्ही गेलो, तेव्हा त्या काय म्हणतील याचे मनावर मोठे दडपण होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जातच आहेस तर तिथली माणसे घरात कशी असतात ते बघून ये. आणि मला खरे ते सांग.” शिष्यवृत्तीच्या अटी पुष्कळ होत्या, पण आम्हांस खरी जाणवली ती ही एवढीच.

आता दिवसाकडे वळू. आम्ही बीजिंग भाषा व संस्कृती विद्यापीठात शिकत होतो. परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकविण्याच्या हेतूने 1962 साली ही संस्था स्थापन झाली. युद्धाचे आणि या विद्यालयाचे साल एकच, हे आमच्या ध्यानात प्रथम तेथेच आले. शहराच्या वायव्येस हैदियन नावाचा भाग आहे. 1950 नंतरच्या दशकात तेथे एका रस्त्याच्या कडेने आठ उच्च विद्यालये उभारली गेली आणि त्या रस्त्याला ‘विद्यालयांचा रस्ता’ असेच नाव पडले. त्याच रस्त्यावर हे विद्यापीठ आहे.

दिवस सहाला सुरू होई. चीन देश एवढा विस्तीर्ण, तरी सर्व देशात घड्याळ एकच, आणि ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आमचे सहा म्हणजे घरचे पहाटेचे साडेतीन. त्या वेळी आई झोपेत असेल, असे मनाशी म्हणूनच आम्ही पांघरूण बाजूस सारीत असू. डिसेंबरात तर साडेसात वाजेपर्यंत सूर्यदर्शन होत नसे. पंधरा नोव्हेंबरपासून पंधरा मार्चपर्यंत इमारतींतून उष्णतेचे नळ चालू ठेवतात. त्यामुळे खोली उबदार असे, पण दार उघडून बाहेर पडताच डोळ्यांतून पाणी येई. हातात थर्मास घेऊन उकळलेले पाणी आणावयास जाणे हे पहिले काम. चिनी माणूस थंड पाणी सहसा पीत नाही. प्रथम आम्हांस याचे हसू येई. पुढे आम्हीही तसेच पिऊ लागलो.

न्याहारीचा प्रश्न आम्हां शाकाहारी माणसांस बिकट वाटेल. परंतु तो सुटला. सोयाबीनचे गरम दूध आणि तळलेल्या कणकेच्या लांब काड्या सर्वत्र मिळतात. रस्त्याच्या कडेला तव्यावर पातळ पीठ फिरवून एक पदार्थ करतात, तो पाहून तर आपले धिरडेच आठवावे. त्यावर अंडे फोडण्याआधी “अंडे नको” हे वाक्य वेळेवर म्हणता आले पाहिजे, एवढेच! भूक हा भाषेचा उत्तम शिक्षक आहे.

साडेआठला वर्ग भरे. आमच्या वर्गात कोरिया, थायलंड, कझाकस्तान, इटली आणि आफ्रिकेतील दोन-तीन देशांचे विद्यार्थी होते. इंग्रजी सर्वांस येत नसे. त्यामुळे पेन्सिल मागावयाची झाली तरी ती मोडक्यातोडक्या चिनीतूनच मागावी लागे. बाई वर्गात येत आणि पहिल्या दहा मिनिटांत श्रुतलेखन घेत. आदल्या दिवशीचे तीस-चाळीस शब्द ऐकून त्यांची चिन्हे लिहावयाची. एक रेघ चुकली की शब्द चुकला.

या भाषेची अडचण कशात आहे ते थोडक्यात सांगतो. चिनीत स्वराच्या चढउताराने शब्द बदलतो. ‘मा’ हे एकच अक्षर सरळ उंच स्वरात म्हटले तर आई, चढत्या स्वरात ताग, खाली नेऊन वर आणले तर घोडा आणि झटक्याने खाली आणले तर शिवी देणे. आईला हाक मारताना घोडा होऊ नये, ही दक्षता क्षणोक्षणी घ्यावी लागते. आमची फजिती याहून साधी झाली. ‘माइ’ हा शब्द एका स्वरात ‘विकत घेणे’ आणि दुसऱ्या स्वरात ‘विकणे’ असा आहे. पहिल्याच आठवड्यात मंडईत जाऊन आम्ही भाजीवाल्यास मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, आम्हांस एक शेर टोमॅटो विकावयाचे आहेत. त्याने आमच्या रिकाम्या पिशवीकडे पाहिले आणि “दाखवा पाहू!” असे म्हणाला.

तथापि मराठी माणसास काही गोष्टी सोप्याही जातात. इंग्रजी बोलणाऱ्यास क आणि ख, प आणि फ यांतील भेद समजावून घेण्यास महिना लागतो. आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला असतो. ‘चांगला’ मधील च आणि ‘चित्र’ मधील च हे आपण न शिकता वेगळे उच्चारतो. चिनीतही ते दोन वेगळे ध्वनी आहेत. बाईंनी आम्हांस उभे करून त्या जोड्या म्हणावयास सांगितल्या आणि सर्व वर्गाने त्या ऐकल्या, तेव्हा आमच्या बालवर्गातील गुरुजींचे आम्ही मनोमन आभार मानले. आपला ‘चहा’ हा शब्दही मूळचा तिकडचाच, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेलच.

याहून मोठा लाभ नात्यांच्या शब्दांत झाला. इंग्रजीत काकू, मावशी, मामी, आत्या या चौघींना एकच शब्द पुरतो. चिनीत तसे नाही. आत्या ती ‘कूकू’, मावशी ती ‘ई’, मामा तो ‘च्यौच्यौ’. एवढेच नव्हे, तर वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही निरनिराळे शब्द. हा धडा आला तेव्हा पाश्चात्त्य विद्यार्थी डोक्यास हात लावून बसले, आणि आम्ही मात्र पाच मिनिटांत वही मिटली.

बारा-साडेबाराला वर्ग सुटत. भोजनगृहात जेवण करून बहुतेक मंडळी घटकाभर विश्रांती घेत. ही दुपारची वामकुक्षी तिकडे आळस समजली जात नाही. गंमत अशी की, विश्रांती या अर्थाच्या चिन्हात एका बाजूस माणूस आणि दुसऱ्या बाजूस झाड आहे. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती! सूर्य आणि चंद्र शेजारी लिहिले की ‘उजेड’ होतो. छपराखाली डुक्कर काढले की ‘घर’ होते. अशी चिन्हे लवकर ध्यानात राहतात. परंतु सर्वच अशी नसतात. बरीचशी नुसत्या घोकंपट्टीनेच येतात.

म्हणून दुपारचे तीन तास लेखनाचे. चौकोनाच्या आत फुली मारलेल्या वह्या मिळतात. त्यांत एकेक चिन्ह पंचवीस-तीस वेळा गिरवावयाचे. रेघ कोणती आधी आणि कोणती नंतर याचा क्रम ठरलेला आहे. चिनी सरकारने 1956 साली पुष्कळ चिन्हे सोपी केली आणि 1958 साली उच्चार दाखविण्यासाठी रोमन लिपीची पद्धत मान्य केली, म्हणून आमचे काम पूर्वीच्या विद्यार्थ्यांपेक्षा हलके झाले. तरीही वर्तमानपत्र वाचावयाचे तर सुमारे तीन हजार चिन्हे यावी लागतात. ऑक्टोबरच्या चाचणीत आम्ही नापास झालो, हे येथे लपवीत नाही. त्या रात्री ‘निधीचे पैसे परत करून घरी जावे’ असे पत्र आम्ही चिटणीसांच्या नावे लिहिलेही होते. ते पाठविले नाही याचे कारण, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आम्हांस आठवले. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत रुग्णांशी बोलता यावे म्हणून त्यांनी ही भाषा आत्मसात केली, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच देह ठेवला. उबदार खोलीत बसून आम्ही कंटाळलो आहोत हे त्यांच्यापुढे सांगण्याची सोय नव्हती.

संध्याकाळी वसतिगृहाच्या दाराशी बसणाऱ्या बाईंशी आमचा अर्धा तास जाई. मध्यम वयाच्या अशा बाईंना तिकडे ‘आई’ म्हणतात. उच्चार आपल्या आईसारखा, पण अर्थ मावशी. आपणही रुग्णालयात वा शाळेत अशा बाईंना मावशीच म्हणतो ना? या मावशी शेजारच्या प्रांतातील एका खेड्यातून आल्या होत्या. आमचे उच्चार त्या न कंटाळता सुधारीत. एके दिवशी त्यांनी आमच्या घरची माणसे विचारली. नात्यांचे शब्द नुकतेच झाले होते, म्हणून आम्ही उत्साहाने सर्वांची नावनिशी सांगितली. आत्यांविषयी सांगताना त्यांनी विचारले, “मुले किती?” नाहीत म्हटले. “यजमान?” युद्धात गेले म्हटले. “कोणत्या युद्धात?”

क्षणभर वाटले, शब्द येत नाही असे सांगून मोकळे व्हावे. परंतु खरे ते सांग, असे आत्यांनी बजाविले होते. ते इकडे एक आणि तिकडे एक कसे चालेल? आम्ही साल सांगितले. मावशी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे त्या किती लहान असतील तेव्हा!” त्या दिवशी पुढे बोलणे झाले नाही.

चार दिवसांनी त्यांनी आत्यांच्या पायाचे माप मागितले. आम्ही घरी दूरध्वनी केला. आत्यांनी दोरा धरून पाऊल मोजले. नववर्षाच्या सुट्टीनंतर मावशी गावाहून परतल्या, त्या आत्यांसाठी बुटात घालावयाचे कापडी तळ शिवून घेऊन. उत्तर चीनमध्ये घरच्या माणसांसाठी बायका असे तळ हाताने शिवतात. त्यावर रंगीत दोऱ्यांची वेलबुट्टी असते.

रात्री दहाला अभ्यास आटोपून दिवा मालविताना दुसऱ्या दिवसाच्या श्रुतलेखनाचे शब्द तोंडात असत. असा आमचा दिवस. असे सुमारे तीनशे दिवस गेले आणि जुलै 2019 मध्ये, सहा पायऱ्यांच्या सरकारी भाषापरीक्षेची चौथी पायरी, म्हणजे बाराशे शब्दांची, उत्तीर्ण होऊन आम्ही परतलो.

आत्यांना ते तळ दिले. गोधड्या शिवण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, “टाके बारीक आहेत.” आत्या बूट घालीत नाहीत. ज्या पेटीत आतोबांच्या वेळची तार आहे, तीत त्यांनी ते ठेवले.

त्यानंतरची वर्षे आपण जाणताच. 2020 साली महामारीमुळे परदेशी विद्यार्थ्यांस चीनची दारे बंद झाली; भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा परवाने मिळू लागले ते ऑगस्ट 2022 मध्ये. त्याच 2020 च्या जूनमध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. तेव्हा पुष्कळांनी आम्हांस विचारले, “आता या भाषेचा उपयोग काय?” ती बातमी कळली त्या दिवशी आमच्याही मनात हाच प्रश्न होता. आत्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या कोपऱ्यात बसून होत्या. आम्ही काही बोलण्याआधीच म्हणाल्या, “त्या बाईचे काय चालले आहे, कळले का?” त्या मावशींनी एक माणूस आणि एक राज्य या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या होत्या, आत्यांनीही ओळखल्या. आम्ही मात्र इतके शिकून ऐनवेळी विसरू पाहत होतो. सरहद्दीवर जागरूक राहावयाचे तरी पलीकडची भाषा समजणारी माणसे आपल्याकडे हवीत, आणि शांततेने राहावयाचे तरीही ती हवीत.

आज आम्ही पुण्याजवळच्या एका कारखान्यात चिनी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा मराठीत अनुवाद करतो. कारागिराचा हात यंत्रात जाऊ नये म्हणून लिहिलेली सूचना त्याला त्याच्या भाषेत वाचता यावी, हे काम लहान नाही, असे आम्हांस वाटते. कर्जाचा शेवटचा हप्ता भरून झाला आहे. त्याची पावती चिटणीसांकडे आहे.

शेवटी एक विनंती करून आपली रजा घेतो. आपला निधी वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्या विद्यार्थ्यांस उदारपणे साहाय्य करतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर दरवर्षी एका तरी विद्यार्थ्यास परभाषा शिकण्यासाठी मदत द्यावी. त्यासाठी आमच्या वतीने एक छोटी रक्कम आजच निधीत जमा करीत आहोत. ती आत्यांच्या नावे स्वीकारावी. रक्कम त्यांनीच दिली आहे.