टोळीची गोष्ट कोण सांगतो?



साहित्याच्या व्याख्यानमालेत टीव्हीवरचे गुन्हेगारी टोळ्यांचे माहितीपट हा विषय काहींना विचित्र वाटेल. पण रात्री जेवणे आटोपली, की आपल्या घरांत आता कीर्तन-पोथीपेक्षा हेच अधिक पाहिले जाते. घरातली मुले पाहतात, आणि शेजारी बसून आपणही पाहतो. जे घराघरांत ऐकले-पाहिले जाते, त्याची चिकित्सा साहित्याच्या मंडळाने करायची नाही, तर कोणी करायची?

या माहितीपटांची घडण एव्हाना ठरून गेली आहे. रॉस केम्प हा मूळचा ब्रिटिश नट. 2004 पासून त्याने जगभरच्या टोळ्यांवर एक मालिका केली आणि 2007 साली तिला ‘बाफ्टा’ पुरस्कारही मिळाला. रिओच्या झोपडवस्त्या, दक्षिण आफ्रिकेतले तुरुंग, एल साल्वादोरच्या गल्ल्या असा तिचा प्रवास. परका माणूस वस्तीत शिरतो, तोंड झाकलेला तरुण त्याला हत्यार दाखवतो, मग पोलीस अधिकारी बोलतो, आणि पुढच्या भागात देश बदलतो. त्या नटाच्या धाडसाविषयी शंका नाही. प्रश्न असा आहे, की या गोष्टीत बोलायला मिळते ते कोणाला?

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. छोट्या लाईनने आपली वडीलधारी मंडळी ज्या जबलपूरला जात, त्याच जबलपूर-नरसिंहपूरच्या मुलखात दोनशे वर्षांपूर्वी विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी ठगांची चौकशी करीत होता. त्याची पद्धत काय होती? पकडलेल्यांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करायचे, त्यांच्याकडून सविस्तर जबान्या घ्यायच्या आणि त्या जबान्यांवर इतरांना पकडायचे. फिरंगिया हा त्यांतला सर्वांत गाजलेला साक्षीदार. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोशही स्लीमनने 1836 साली छापला. 1839 मध्ये मेडोज टेलर या निजामाच्या चाकरीतल्या इंग्रजाने ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि विलायतेत ती गाजली. आजच्या माहितीपटाचा सगळा ऐवज त्यात होता: आतल्या माणसाची कबुली, गुप्त भाषा, धीट अधिकारी आणि दूर देशी सुरक्षित बसून थरारणारा वाचक.

वाटसरूंचे खून होत होते, हे खरे. पण ज्याचा जीव त्याच्या जबानीवर अवलंबून आहे, तो काय सांगेल? विचारणाऱ्याला हवे असेल ते. म्हणून ठगीचे जे चित्र आपल्यापर्यंत आले, त्यातले किती खरे यावर इतिहासकार आजही भांडतात. चित्र मात्र पक्के झाले, आणि त्याचे परिणाम कागदावर उतरले. 1836 च्या कायद्याने, ठगांच्या टोळीत असणे एवढेच सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येऊ लागली. जबलपूरला माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी कारखाना निघाला. तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. बापाचा गुन्हा मुलाच्याही माथी असतो, ही कल्पना अशी रुळत गेली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती अख्ख्या जमातींना लावली. पोलिसांकडे नोंद, हजेरी, गाव सोडायला परवाना. हा कायदा रद्द झाला 1952 साली. कागदावर त्या जमाती विमुक्त झाल्या. लोकांच्या नजरेतून अजून पुरत्या सुटलेल्या नाहीत. आपल्या गावाबाहेर पारध्यांची पाले पडली, की पहिली कुजबुज काय होते, ते आपण जाणतोच.

पडद्यावरचे चित्र निरुपद्रवी असते असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

आता मुंबईकडे येऊ. 2023 च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर मुंबईच्या अंडरवर्ल्डवर दीड तासाचा माहितीपट आला. त्याचे इंग्रजी नावच सांगते, की लढत पोलीस आणि माफिया यांची आहे. चकमकींमुळे गाजलेले अधिकारी त्यात बोलतात. या विषयात दोन तारखा मला फार महत्त्वाच्या वाटतात. 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईतली ही पहिली मोठी चकमक मानली जाते. बरोबर सात दिवसांनी, 18 जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच हळूहळू बंद झाल्या.

टोळ्या संपामुळे जन्मल्या, असे मी म्हणत नाही. हाजी मस्तान, करीम लाला, वरदराजन ही नावे त्याआधीची आहेत. पण गिरणगावातली बेकार पोरे संपानंतर कुठे गेली, हे विचारल्याशिवाय पुढच्या दोन दशकांची गोष्ट पुरी होत नाही. पडद्याने मात्र निवड केली. वडाळ्याच्या चकमकीवर 2013 साली मोठा हिंदी सिनेमा निघाला. गोळी सुटते तिथे कॅमेरा वळतो. संपाची गोष्ट सांगायला जयंत पवारांसारखा मराठी नाटककार लागला. त्यांच्या ‘अधांतर’ नाटकात गिरणी कामगाराच्या घरातली आई आहे आणि तिची हाताशी आलेली मुले आहेत. त्यांतला एक गुंडगिरीत शिरतो. पण नाटक त्याच्या मागे रस्त्यावर जात नाही, खोलीतच राहते. तो बाहेर काय करतो, यापेक्षा त्याच्या येण्याजाण्याने घरात काय होते, ते आपल्याला दिसते. याच नाटकावरून पुढे महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ हा चित्रपट केला.

टोळीच्या गोष्टीत एक गुंड असतो, एक पोलीस असतो आणि तिसरा माणूस बहुतेक वेळा गाळलेला असतो. खंडणी भरणारा दुकानदार, दार उघडे ठेवून जागणारी आई, जमातीच्या नावामुळे चौकीवर बसवलेला निरपराध पोरगा, हा तो तिसरा. मराठी साहित्याने त्याला बोलते केले. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ 1987 साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरी हाच ज्यांच्यावर शिक्का, त्या घरातल्या मुलाने स्वतः लिहिलेली ती कहाणी आहे. तिथे माफी देणारा साहेब समोर नाही, म्हणून जबानी बदलते. भूक, मार आणि शाळा या तिन्हींचा हिशेब त्यात येतो.

माहितीपटाला हे जमतच नाही असे मात्र नाही. क्रिस्तियान पोवेदा या दिग्दर्शकाने एल साल्वादोरमधल्या एका टोळीच्या वस्तीत वर्षभराहून अधिक काळ राहून चित्रण केले. त्याचा चित्रपट 2008 मध्ये आला. त्याला ती पोरे राक्षस वाटली नाहीत आणि नायकही वाटली नाहीत. त्याने त्यांची लहान मुले दाखवली, प्रेतयात्रा दाखवल्या. 2 सप्टेंबर 2009 रोजी त्याच देशात त्याचा गोळ्या घालून खून झाला. जवळून पाहण्याची किंमत त्याने दिली. दोन दिवसांत परतणाऱ्या पाहुण्याला ती द्यावी लागत नाही, आणि त्याला तितके दिसतही नाही.

बालाघाटकरांना हे समजायला जड जाऊ नये. बाहेरच्या बातमीत आपला जिल्हा बहुधा एकाच कारणाने येतो. 15 डिसेंबर 1999 ला मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली, तेव्हा देशाने बालाघाटचे नाव ऐकले. वैनगंगेकाठची शेती, मलाजखंडचे तांबे, पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या मुलखात मराठी टिकवणारी आपली घरे यांतले काहीच त्या बातमीत मावले नाही. आपल्यावर जे होते, तेच पडद्यावरच्या रिओवर आणि केपटाऊनवर होते. तिथेही संध्याकाळी भात रांधला जातो.

म्हणून मुलांना टीव्ही बंद करा, असे मी सांगणार नाही. तुम्ही सांगितलेत तरी ती ऐकणार नाहीत! त्यांच्याजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा. हा बोलतो आहे, त्याला बोलण्यातून काय मिळते आहे? ज्याचे नुकसान झाले, तो कुठे आहे? आणि ही गोष्ट जिथे सुरू केली, त्याच्या आधी तिथे काय घडले होते? मंडळाला एक विनंती: येत्या वर्षात ‘अधांतर’ आणि ‘उचल्या’ यांचे एकेक वाचन ठेवावे, आणि त्या दिवशी पुढच्या रांगा पोरांसाठी राखाव्यात.