सावेदादांचा कॅमेरा

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा. पण एका मराठी माणसाने खरीखुरी माणसं, खरेखुरे प्रसंग पडद्यावर आणले ते त्याच्या बरंच आधी. त्यांचं नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. मुंबईतले छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ला वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं झळकली आणि सावेदादांना त्यांनी झपाटून टाकलं. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनजवळ पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी मात्र विलायतेला पाठवावी लागली!

मला त्यांचं याहून मोठं काम वाटतं ते डिसेंबर १९०१चं. केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत अव्वल) झालेले पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या आगमनाचं सावेदादांनी चित्रीकरण केलं. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झालेल्या या गणितज्ञाचं स्वागत म्हणजे आपल्याकडच्या वार्तापटाची सुरुवातच. पौराणिक कथा नाही, नट नाहीत. चालता-बोलता माणूस आणि त्याच्याभोवतीचं कौतुक. १९०३चा दिल्ली दरबारही त्यांनी टिपला.

खुद्द फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कॅमेरा रोखला होता तो कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढत्या रोपावर.