आधी अग्नी, मग औषधी

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी वैद्य नाही. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर बातम्यांमागे धावलेला पत्रकार आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो आहे, ते केवळ रुग्ण म्हणून असलेल्या दांडग्या अनुभवाच्या बळावर! रात्रपाळी, तासातासाला चहा, दहा वाजता कचेरीखालच्या गाडीवरचा वडापाव आणि दोन वाजता घरी पोहोचल्यावर झाकून ठेवलेला दहीभात, हा माझा क्रम पंधरा वर्षे चालला. आम्लपित्त सोबतीला होतेच. चाळिशी ओलांडली आणि अंगावर पित्त उठू लागले. मांड्यांवर, पाठीवर तांबड्या गांधी येत आणि खाजवून जीव नकोसा होई. आईने शिकवल्याप्रमाणे आमसुलाचे पाणी लावले की घटकाभर बरे वाटे. डॉक्टरांच्या गोळीनेही उतार पडे. गोळी थांबली की चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. त्यातच ऋतू पालटला की सर्दी-पडसे ठरलेले. पोटासाठी एक तज्ज्ञ, त्वचेसाठी दुसरा, वारंवारच्या सर्दीसाठी तिसरा. तिघांनीही आपापले काम चोख केले. पण या तिन्ही तक्रारींचे एकमेकींशी काही नाते असेल, हा विचार मात्र कोणाच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही.

अखेर एका स्नेह्याच्या आग्रहाने वैद्यांकडे गेलो. नाडी पाहण्यापूर्वी त्यांनी पाऊण तास केवळ प्रश्न विचारले. खरी भूक केव्हा लागते? जेवणानंतर जडपणा येतो का? झोप केव्हा, किती? दुधाबरोबर काय खाता? शिकरण माझ्या विशेष आवडीचे, हे मी मोठ्या उत्साहाने सांगितले, आणि त्यांनी कागदावर पहिली फुली तेथेच मारली.

मग त्यांनी समजावले ते असे. आपण खातो त्याने शरीर पोसले जात नाही, पचते त्याने पोसले जाते. पचवणारा तो जठराग्नी. मंदाग्नी हे सर्व रोगांचे मूळ आहे, असे वाग्भटाचार्यांनी ‘अष्टांगहृदया’त निःसंदिग्धपणे सांगून ठेवले आहे. चुलीत ओली लाकडे कोंबली तर जाळ होत नाही, धूर होतो. आणि धूर काही चुलीपाशी बसून राहत नाही, तो घरभर पसरतो. अर्धवट पचलेल्या अन्नाचा तो ‘आम’. तो पोटात असेपर्यंत आपण त्याला अपचन म्हणतो. पुढे शरीरभर पसरून तो त्वचेवर प्रकटतो आणि बलही क्षीण करतो. चरकाचार्यांनी त्वचारोगांच्या कारणांत विरुद्धाहाराला अग्रस्थान दिले आहे, ते यामुळेच.

मला वाटले, आता एखादे जालीम चूर्ण मिळेल. मिळाले काय, तर सुंठ घालून उकळलेले पाणी, मुगाचे कढण आणि सूर्यास्तानंतर दही वर्ज्य! रात्रीचे जेवण आठच्या आत. यासाठी मला संपादकांकडे दिवसपाळी मागावी लागली आणि रात्रपाळीचा भत्ता गेला. घरात त्या महिन्यात याच विषयावर अधिक चर्चा झाली. पुढे शरद ऋतूत वैद्यांनी विरेचन दिले आणि काही महिने हरिद्राखंड. हे सारे चालू असताना त्यांनीच मला रक्ततपासणीला पाठवले, हेही आवर्जून सांगतो. वर्षभराने गांधी उठणे दोन महिन्यांतून एखाद्या वेळेवर आले, आम्लपित्त जवळजवळ थांबले. पूर्ण गेले असे मी म्हणणार नाही. लग्नाच्या पंगतीत जिभेवरचा ताबा सुटला, की तिसऱ्या दिवशी पाठ मला त्याचा हिशेब देते.

आता आपल्याविषयी. आयुर्वेदाचा अभिमान बाळगण्यात आपण कोणाला हार जाणार नाही. जखमा भरण्यासाठी हळदीचा वापर या गोष्टीवर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करवून घेतले. आपली छाती अभिमानाने फुगली, आणि ते योग्यच होते. पण आपल्या घरात काय चालते? एकादशी ही अग्नीला विश्रांती देण्याची योजना. आपण ती साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर साजरी करतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण परकीयांनी रचलेली नाही!

हीच गत रोगप्रतिकारशक्तीची. मार्च २०२०च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा, असे सुचवले. आम्ही तो ऐन वैशाखात चहासारखा चार-चार वेळा प्यालो, आणि तोंड आले, मूळव्याध उलटली, अशा तक्रारी घेऊन वैद्यांकडे गेलो. वस्तुतः चरकाचार्य बलाचे तीन प्रकार सांगतात. सहज म्हणजे जन्मजात, कालज म्हणजे ऋतू आणि वय यांनी येणारे, आणि युक्तिकृत म्हणजे आहार-विहाराने आपण कमावलेले. पहिली दोन आपल्या हाती नाहीत. तिसरे आहे, पण ते बाटलीत भरून मिळत नाही.

आणखी एक अप्रिय गोष्ट बोलतो. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. हे आपल्याविरुद्धचे कारस्थान आहे असे म्हणून आपल्यातील अनेकांनी ते झटकून टाकले. रसौषधींत धातू असतातच, त्यांचे शोधन-मारण शास्त्रोक्त व्हावे लागते आणि त्या वैद्याच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात, हे आपलेच शास्त्र सांगते. मग त्या किराणा मालाप्रमाणे विकल्या जाताना आपण गप्प का? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती वापरात आली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. तो वाद तज्ज्ञांनी सोडवावा. माझा प्रश्न साधा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली पुडी खरोखर गुळवेलीची आहे, हे आपल्यापैकी किती जण ओळखू शकतात? मी तरी नाही.

आमच्या परिचयातील एका भगिनींनी अंगावर चट्टे येतात म्हणून आयुर्वेद सुरू केला आणि त्या उत्साहात थायरॉइडची गोळी परस्पर बंद केली. दोन महिन्यांनी त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. वैद्यांनी तसे सांगितले नव्हते, विचारलेच गेले नव्हते! चालू असलेली गोळी दोघांनाही न विचारता सोडू नये. शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारे वजन, गिळताना त्रास, अंगावर गांधी उठताना ओठ सुजणे वा धाप लागणे, असे काही दिसले तर काढा उकळत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. चांगला वैद्यही हेच सांगेल.

वेळ संपत आली आहे. प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुष्कळ जमलेल्या दिसतात, आणि त्यांतील निम्म्या शिकरणाविषयी असणार! त्यांची उत्तरे देण्याचा अधिकार वैद्यराजांचा. मी आपली रजा घेतो.