होडीचे जुने मशीन घ्यावे का?



मागच्या महिन्यात माझा भाचा माझ्याकडे आला. आल्या आल्या म्हणाला, "मामा, होडीला मशीन मिळतंय. जुनं आहे, पण परदेशी आहे. 8 एच.पी.चं. बत्तीस हजार म्हणतोय."

मी विचारले, "पैसे कुठले?"

म्हणाला, "आईने बचत गटातून कर्ज काढलंय."

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. म्हणून मी म्हटले, "थांब. आपण दोघे जाऊन बघू." तिथे जे बघितले, तेच आज तुम्हाला सांगतो. आपल्या दाभोळच्या खाडीत वल्ह्यावर चालणाऱ्या होड्या अजून आहेत. असे जुने मशीन आज ना उद्या तुमच्याही दारात येईल.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते हे मशीन. वर डोके, खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने 1909 साली असे मशीन विकायला सुरुवात केली. ते दीड एच.पी.चे होते. असे सांगतात, की उन्हाच्या दिवसांत तो तळ्यावर गेला होता. बरोबरच्या मुलीला आइस्क्रीम हवे झाले. हा वल्ही मारत पलीकडे गेला आणि घेऊन आला. येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले! तेव्हा त्याच्या डोक्यात मशीन आले म्हणे. त्या मुलीशीच त्याचे लग्न झाले, आणि पुढे धंद्याचा कारभार तिनेच बघितला. खरे किती, खोटे किती, देव जाणे. पण वल्ही मारून ज्याचे खांदे भरून आलेत, त्याला ही गोष्ट पटते.

आता माझी गोष्ट ऐका. ही मात्र खरी आहे.

1991 साली मी असेच एक जुने मशीन घेतले. रंग नवा कोरा होता. विकणाऱ्याने काठावरच दोरी ओढली, मशीन सुरू झाले, पाच मिनिटांत बंद केले. मी पैसे मोजले. दुसऱ्या दिवशी मी आणि भावोजी, म्हणजे या भाच्याचा बाप, जाळे घेऊन निघालो. वल्ही घरी ठेवली. मशीन आहे, मग वल्ही कशाला?

अंजनवेलच्या समोर, खाडीच्या तोंडाशी मशीन थांबले. डोक्यावर हात ठेवला तर चटका बसला. आत पिस्टन अडकला होता. ओहोटी लागली होती. ओहोटीचे पाणी कुठे जाते ते तुम्हाला सांगायला नको. नांगर टाकला, तो वाळूत धरेना. गावाचे दिवे लहान लहान होत गेले. भावोजी एक शब्द बोलले नाहीत. पहाटे एका ट्रॉलरने आम्हाला ओढून आणले. ताई जेटीवर उभी होती. हा भाचा तेव्हा तिच्या कडेवर होता.

काय बिघडले होते? मशीनच्या पायात एक छोटा पंप असतो. त्यात रबराची फिरकी असते. ती समुद्राचे पाणी वर चढवते, त्या पाण्याने मशीन थंड राहते. माझ्या मशीनची फिरकी तुटलेली होती. मशीन चालू असताना बहुतेक मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार पडते. धार नाही, तर मशीन ताबडतोब बंद करायचे. काही फार जुन्या मशीनना ही धारच नसते. त्यांच्या धुराबरोबर पाणी उडते का ते बघावे लागते. मी धार बघितली नाही. मी रंग बघितला.

आणि पाण्याबाहेर मशीन चालवून दाखवतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. कोरडी चालली की रबराची फिरकी घासून जळते.

तर आम्ही दोघे मशीन बघायला गेलो. जाताच मी डोक्याला हात लावला. गार होते. हे आधी बघायचे. गिऱ्हाईक यायच्या आत मशीन तापवून ठेवणारे लोक असतात. गरम मशीन एका ओढीत सुरू होते आणि आपण फसतो.

मग सुरू करण्यापूर्वीच पायातले तेल बघितले. पायात दातेरी चाके असतात, ती तेलात बुडालेली असतात. खालचा स्क्रू थोडा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते खाली बसते आणि आधी बाहेर येते. इथे सुटे पाणी आले नाही. पण तेल आले ते दुधाच्या चहासारखे. तेलात पाणी घुसळले गेले की असा रंग येतो. म्हणजे पायाचे सील गेलेले. विकणारा म्हणाला, "जुनं तेल आहे हो, म्हणून." जुने तेल काळे होते, दुधाळ होत नाही. काही जण आदल्या दिवशी नवे तेल भरून ठेवतात. म्हणून मशीन पाण्यात चालवून झाल्यावर तेल पुन्हा बघावे.

पंखा हाताने फिरवला. दांडा वाकडा असेल तर पंखा लंगडतो. हा सरळ होता. पण आत बघतो तर काय! जुन्या मशीनमध्ये पंखा आणि दांडा यांच्यामधून एक मऊ धातूची पिन आरपार घातलेली असते. पंखा खडकावर आपटला की ती पिन तुटते आणि आतली चाके वाचतात. तुटावी म्हणूनच ती केलेली असते. इथे पिनेच्या जागी लोखंडी खिळा ठोकला होता. भाच्याने माझ्याकडे बघितले. मी काही बोललो नाही.

मशीन होडीला लावून पाण्यात नेले. सातव्या ओढीला सुरू झाले. धार चांगली पडत होती. भाच्याचा चेहरा फुलला. मी म्हटले, "अर्धा तास चालव, भरतीच्या उलट." चालले बिचारे, आवाजही चांगला होता. मग बंद केले, दहा मिनिटे बसलो आणि पुन्हा दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. चौदा वेळा ओढली. थंड मशीन सुरू होते आणि तापलेले होत नाही, याचा अर्थ आत दम कमी असेल किंवा ठिणगी देणारी कॉइल गेलेली असेल. जाळे ओढून झाल्यावर घरी यायच्या वेळीच हे मशीन दगा देणार. आम्ही वल्ह्यांवर परत आलो. या वेळी वल्ही बरोबर होती.

मग मशीनवरची पट्टी वाचायला बसलो. पट्टीवर नंबर असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा आणि पावतीवर तोच लिहून मागावा. पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याचे मशीन चोरीचे असू शकते. नंबरावरून मशीन कोणत्या सालचे ते कळते, आणि साल कळले की तेलाचे माप कळते. या जुन्या मशीनना पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. 50 ला 1 असे माप असेल तर 5 लीटर पेट्रोलला 100 मिलिलीटर तेल. 25 ला 1 असेल तर 200. काही फार जुन्यांना त्याहून जास्त लागते. शेजाऱ्याचे माप आपल्या मशीनला चालत नाही. तेल कमी पडले तर पिस्टन अडकतो.

पेट्रोलची आणखी एक गोष्ट आहे. 2023 सालापासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते. ते पाणी टाकीच्या तळाशी बसते. शिवाय पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि पडदे अशा पेट्रोलसाठी केलेलेच नव्हते. ते फुगतात, चिरतात. म्हणून जुने मशीन घेतले तर नळ्या नव्या घालायचा खर्च आधीच धरा. आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा मशीनमध्ये पेट्रोल ठेवू नका.

सुटे भाग कुठे मिळतात, हेही विचारावे. ज्या एव्हिनरूडची गोष्ट सांगितली, त्या नावाची मशीन बनवणेच 2020 साली बंद झाले. म्हणजे भाग एका दिवसात संपले असे नाही. पण दापोली-चिपळूणच्या दुकानात उभे राहून मागितले आणि मिळाले, असेही होणार नाही.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा जुन्याच्या विरुद्ध आहे. नाही हो. खाडीच्या आत, काठाकाठाने जायचे असेल, मशीन स्वस्त असेल आणि स्वतःच्या हाताने उघडायची हिंमत असेल, तर जुने मशीन खुशाल घ्या. मी स्वतः अजून एक वापरतो. पण भाच्याला खाडीच्या तोंडाबाहेर जायचे होते.

त्याने खिशातून पेन काढले. सील, कॉइल, नळ्या, मजुरी, सगळे लिहिले. अकरा हजार झाले. विकणारा तीन हजार सोडायला तयार झाला. एकोणतीस आणि अकरा, चाळीस हजार. भाचा त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, चला."

घरी आलो तेव्हा ताई ओट्यावर जाळे विणत बसली होती. "आणलंस?" म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

तिने जाळे बाजूला ठेवले. "हात धू. जेवायला वाढते."